आधी कापड, मग खांब: अनेक ध्वज ओळीने उभारताना

एका महाविद्यालयाच्या इस्टेट विभागात मी चोवीस वर्षं नोकरी केली. शिक्षण सिव्हिलच्या डिप्लोमाचं. गळकी छतं, तुंबलेली ड्रेनेज, वसतिगृहाचं रंगकाम आणि वर्षातून दोनदा ध्वजस्तंभ, असं माझं काम. एका खांबाचं काही वाटायचं नाही. दोरी बदलायची, कप्पीला तेल द्यायचं, ओटा धुऊन घ्यायचा.

पुण्यात परदेशातून शिकायला येणारी मुलं भरपूर. त्या वर्षी आमच्याकडे सात देशांची मुलं होती. त्यांच्या स्वागताच्या दिवशी भारताचा आणि त्या सात देशांचे असे आठ ध्वज ओळीने लावायचे ठरले. "पायऱ्यांपासून कडुनिंबापर्यंतची जागा वापरा," एवढंच मला सांगितलं गेलं. मी टेप लावला, दहा मीटर भरलं. आठ खांब म्हणजे मधल्या मोकळ्या जागा, गाळे, सात. दहाला सातने भागलं, एक मीटर त्रेचाळीस सेंटिमीटर आलं. फक्की मारून घेतली आणि खांब उभे केले. रिकामे खांब फार देखणे दिसत होते.

कार्यक्रमाला ध्वज वर गेले आणि दहा-पंधरा मिनिटांत पश्चिमेचा वारा सुटला. तिरंगा १८०० मिलिमीटर लांबीचा, आणि शेजारचा खांब १४३० वर. तो बांगलादेशच्या दोरीत जाऊन गुंडाळला. श्रीलंकेचा ध्वज तर त्याहून लांब, त्याने टांझानियाच्या खांबाला दोन वेढे घातले. समोर श्रीलंकेची एक विद्यार्थिनी मोबाइल धरून उभी होती, घरच्यांना दाखवायला आपल्या ध्वजाचं चित्रण करत होती. पिळलेल्या कपड्यासारखा तो खांबाला चिकटलेला पाहून तिने हात खाली घेतला. काही बोलली नाही. तो खाली आलेला हात मला आजही दिसतो, कारण चूक पूर्णपणे माझी होती. मी जागा मोजली होती, कापड मोजलंच नव्हतं.

त्यानंतर हे काम मी अनेक ठिकाणी केलं. निवृत्तीनंतर दोन-तीन संस्थांना आणि आमच्या भागातल्या सोसायट्यांनाही मदत केली. ज्यांच्यावर ही जबाबदारी येईल त्यांच्यासाठी सगळं इथे लिहून ठेवते.

सुरुवात ध्वजापासून

जागा किती आहे हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, ध्वज केवढे? भारताच्या राष्ट्रध्वजाची लांबी आणि उंची ३:२ याच प्रमाणात हवी. ठरलेली मापं ६३०० × ४२०० मिलिमीटरपासून १५० × १०० पर्यंत नऊ आहेत. अंगणात उभारायच्या ओळीसाठी त्यांतली तीनच कामाची: २७०० × १८००, १८०० × १२०० आणि १३५० × ९००. दुकानात जाताना टेप घेऊन जा. प्रमाणात नसलेले तिरंगे सर्रास विकले जातात. चक्राच्या आऱ्या मोजा, चोवीस भरल्या पाहिजेत, आणि चक्र दोन्ही बाजूंनी दिसलं पाहिजे. १३५० × ९०० च्या ध्वजावर चक्राचा व्यास २८० मिलिमीटर असतो, १८०० × १२०० वर ३७०. खादीचा हवा असेल तर आपल्या नांदेडला राष्ट्रध्वज तयार होतात, तिथला घ्यावा असं मला मनापासून वाटतं. ध्वजसंहितेतल्या डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीपासून पॉलिस्टरचा आणि यंत्रावर विणलेलाही चालतो. पावसात पॉलिस्टर लवकर वाळतं हे खरं, पण खादी ज्या संथपणे फडकते तसं ते फडकत नाही.

आता परदेशी ध्वज. इथेच माझा हिशेब दुसऱ्यांदा चुकायची वेळ आली होती. सगळे ध्वज ३:२ नसतात. केनिया, मॉरिशस, टांझानिया आणि भूतान आपल्यासारखेच. बांगलादेशचा ५:३. श्रीलंकेचा २:१, म्हणजे उंचीच्या दुप्पट लांब. नेपाळचा तर चौकोनीच नाही, दोन त्रिकोणांचा आणि रुंदीपेक्षा उंच. मग "सगळे सारख्या आकाराचे" याचा अर्थ काय लावायचा? मी खांबाकडची बाजू, म्हणजे ध्वजाची उंची, सगळ्यांची सारखी ठेवते आणि लांबी ज्याच्या त्याच्या प्रमाणात सोडते. ९०० मिलिमीटर उंची धरली तर भारत १३५०, बांगलादेश १५०० आणि श्रीलंका १८००. नेपाळची रुंदी साधारण ७४० भरते. काही ठिकाणी सगळे ध्वज एकाच प्रमाणात शिवून घेतात. ओळ एकसारखी दिसते, पण आपला ध्वज आखूड करून लावलेला मुलांना लगेच कळतो. ज्याचा ध्वज त्याच्याच मापात असावा, असं माझं मत आहे.

दोन खांबांत किती अंतर

ओळीतला सगळ्यांत लांब ध्वज धरायचा. त्याच्या लांबीच्या दीडपट अंतर दोन खांबांत ठेवायचं. उघड्या मैदानावर एवढं पुरतं.

दीडपटच का? वारा ओळीच्या दिशेने वाहतो तेव्हा सगळे ध्वज एकाच बाजूला ताणले जातात. तेव्हा ध्वजाचं टोक शेजारच्या खांबाला आणि दोरीला लागू नये एवढं हवं, म्हणजे लांबीपेक्षा थोडं जास्त. पण वारा सरळ वाहत नाही. तो मंदावतो, वळतो, आणि त्या क्षणी एक ध्वज उजवीकडे झुकलेला असतो तर दुसरा अजून डावीकडेच असतो. दोन्ही टोकं एकमेकांकडे येतात. उरलेला अर्धा भाग या हेलकाव्यासाठी. इमारतीच्या कोपऱ्याजवळ, दोन इमारतींच्या बोळात किंवा उंच कंपाउंडच्या आडोशाला वारा भोवऱ्यासारखा फिरतो. तिथे दीडपट पुरत नाही, दुप्पट धरा. तेवढी जागा नसेल तर ध्वज लहान घ्या. अंतर कमी करू नका.

जागेवरचा वारा कसा आहे ते आकाशाकडे बघून कळत नाही. मी चार-पाच बांबूंना वरच्या टोकाला हातभर रिबीन बांधून, जिथे खांब येणार त्या जागी दोन दिवस उभे करते. सकाळी नऊला, दुपारी आणि संध्याकाळी जाऊन बघते. सगळ्या रिबिनी एकाच बाजूला असतील तर निश्चिंत. एक पूर्वेला आणि तिच्या शेजारची पश्चिमेला असेल तर तिथे भोवरा आहे. या दोन दिवसांच्या कामाने मला एकदा पूर्ण ओळ चार मीटर पुढे सरकवायला लावली, आणि ते फार बरं झालं.

पुण्यात जून ते सप्टेंबर वारा पश्चिमेकडून येतो, १५ ऑगस्टला तो हमखास असतो. २६ जानेवारीच्या सकाळी बहुधा पडलेलाच असतो, ध्वज खांबालगत शांत लोंबत राहतात. म्हणून जागा पावसाळ्याच्या वाऱ्यावरून ठरवायची. जमत असेल तर ओळ पूर्व-पश्चिम घ्या आणि प्रेक्षक तिच्या दक्षिणेला, उत्तरेकडे तोंड करून बसवा. मग पश्चिमेचा वारा ध्वजांना त्यांच्या डावीकडून उजवीकडे ताणतो, ध्वज पूर्ण उघडा दिसतो आणि ऊनही कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. ओळ उत्तर-दक्षिण घेतली तर त्याच वाऱ्याने ध्वज प्रेक्षकांकडे किंवा त्यांच्यापासून लांब उडतो आणि समोरून नुसती कड दिसते.

दुसऱ्या खेपेला आम्ही पायऱ्यांचा नाद सोडला आणि मैदानाच्या कडेची सव्वीस मीटर लांब पट्टी घेतली. सगळ्यांत लांब ध्वज श्रीलंकेचा, १.८ मीटर. त्याची दीडपट २.७. सात गाळे म्हणजे १८.९ मीटर. उरले ७.१, ते दोन्ही टोकांना निम्मे-निम्मे, ३.५५. टोकांनाही मोकळीक लागते, हे बरेच जण विसरतात. शेवटचा ध्वज झाडाच्या फांदीत किंवा भिंतीवर घासला तर पावसाळा संपायच्या आत त्याची शिवण उसवते.

खांब

ध्वजाच्या लांबीच्या साधारण चौपट उंची जमिनीच्या वर असली की ते डोळ्यांना बरं दिसतं. १३५० चा चौपट ५.४ मीटर. बाजारात पाइप सहा मीटरचा येतो आणि खांबाचा दहावा हिस्सा जमिनीत असावा असा जुना ठोकताळा आहे. सहातले साठ सेंटिमीटर खाली गेले की वर बरोबर ५.४ उरतात. एकही तुकडा न कापता, न जोडता काम होतं. या उंचीला दोन इंची, बी क्लास म्हणजे मध्यम जाडीचा, निळ्या पट्ट्याचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप पुरतो. दहा मीटरच्या वर जायचं असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून हिशेब करून घ्या. निगडीच्या भक्ती-शक्ती चौकातल्या १०७ मीटरच्या खांबाकडे मान वर करून पाहिलं की उंची वाढली म्हणजे वारा कापडाचं काय करत असेल याची कल्पना येते.

पाया पंचेचाळीस सेंटिमीटर चौरस आणि पंच्याहत्तर खोल. तळाला पंधरा सेंटिमीटर खडी, त्यावर तीन इंची पाइपचा साठ सेंटिमीटरचा तुकडा उभा धरून भोवती एकास दीडास तीनचं (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट. हा तुकडा म्हणजे खांबाचं म्यान. खांब त्यात उतरवून मोकळी जागा कोरड्या वाळूने भरायची, वरचे दोन बोट सिमेंटने बंद करायचं. पुढेमागे खांब काढायचा झाला तर पाया फोडावा लागत नाही, आणि आत शिरलेलं पाणी खडीतून खाली जातं. काँक्रीटवर सात दिवस पाणी मारा, त्याआधी खांब चढवू नका. खणण्याआधी खालून केबल गेली आहे का ते विचारून घ्या. खांब उभा करताना वरच्या विजेच्या तारांकडे एका माणसाने फक्त बघत राहायचं, त्याला दुसरं काम द्यायचं नाही. सहा मीटरचा लोखंडी पाइप हातातून कलंडला तर कुठवर जाईल ते आधी मोजून ठेवा.

आमची पट्टी सपाट दिसत होती. गवंडी मामा म्हणाले, "मॅडम, नळी लावल्याशिवाय मी काही बोलणार नाही." पातळी बघायची पाण्याने भरलेली नळी घेतली, एक टोक पहिल्या खुंटीला मी धरलं, दुसरं त्यांनी आठव्या खुंटीला. पाणी स्थिर व्हायला मिनिटभर लागलं. त्यांच्या बाजूला जमीन पस्तीस सेंटिमीटर खाली होती. सारख्या उंचीचे खांब तसेच उभे केले असते, तर शेवटच्या देशाचा ध्वज पहिल्यापेक्षा वीतभर नाही, चांगला हातभर खाली राहिला असता. शांततेच्या काळात एका राष्ट्राचा ध्वज दुसऱ्याच्या वर नसावा हा सगळ्या जगाचा रिवाज आहे, आणि आपली ध्वजसंहिताही सगळ्या राष्ट्रांचे स्तंभ सारखे असावेत असंच सांगते. तिथे जमिनीच्या उताराची सबब चालणार नाही. आम्ही उताराच्या बाजूने दगडी ओटा चढवत नेला आणि आठही खांबांची बुडं एका पातळीत आणली. दोन दिवस जास्त गेले.

खांब ओळंब्यात आहे की नाही हे मामा दोनदा बघायचे, एकदा समोरून आणि एकदा काटकोनात बाजूने. एक डोळा मिटून, ओळंब्याची दोरी खांबाच्या कडेला भिडवून ते श्वाससुद्धा रोखायचे. केसभर फरक दिसला की लाकडी पाचर एक टिचकी आत. सगळे खांब झाल्यावर त्यांनी मला टोकाला उभं केलं आणि म्हणाले, "आता एका डोळ्याने बघा. किती दिसतात?" मला एकच खांब दिसला. बाकीचे सात त्याच्यामागे पूर्ण लपले होते. ओळ सरळ आहे की नाही हे तपासायला याहून चांगली युक्ती मला आजवर सापडलेली नाही.

दोरी आठ मिलिमीटरची, वेणीची नायलॉन, प्रत्येक खांबाला बारा मीटर. रविवार पेठेत बोहरी आळीत हवी तशी मिळते. कप्पी पितळी किंवा स्टेनलेसची घ्या. लोखंडी कप्पी पहिल्याच पावसाळ्यात गंजते आणि नेमकी ध्वज अर्ध्यावर असताना अडकते. दोरी गुंडाळायचा हुक छातीच्या उंचीवर, सगळ्या खांबांना एकाच बाजूला, प्रेक्षकांना न दिसणाऱ्या अंगाला.

कोण कुठे

हा भाग सगळ्यांत जास्त चुकतो, कारण "उजवीकडे" म्हणजे कुणाच्या उजवीकडे हेच कुणी विचारत नाही. रांगेच्या मध्यभागी खांबांना पाठ करून, प्रेक्षकांकडे तोंड करून उभे राहा. तुमच्या उजव्या हाताचं शेवटचं टोक भारताचं. समोर बसलेल्यांना ते डाव्या टोकाला दिसेल. त्यानंतर बाकीचे देश इंग्रजी नावांच्या आद्याक्षरक्रमाने. प्रेक्षक डावीकडून उजवीकडे वाचतात तसेच ते ओळीने येतात.

इंग्रजी नावांच्या, हे पुन्हा सांगते. एका संस्थेत त्यांच्या माणसांनी मराठी वर्णमालेने लावले होते: केनिया, टांझानिया, नेपाळ, बांगलादेश, भूतान, मॉरिशस, श्रीलंका. मनापासून, नीट विचार करून केलेलं काम, पण नियमाप्रमाणे चूक. बरोबर क्रम असा: भारत, मग बांगलादेश, भूतान, केनिया, मॉरिशस, नेपाळ, श्रीलंका, टांझानिया. हवं असेल तर ओळीच्या शेवटी पुन्हा एक तिरंगा लावता येतो. पण मग खांब एकाने वाढला आणि गाळाही, हे कागदावरच धरा.

तिरंगा मधोमध आणि बाकीच्यांपेक्षा उंच खांबावर, असं करायचा मोह अनेकांना होतो. भावना समजते. पण परदेशी राष्ट्रध्वजांच्या ओळीत तसं करायचं नाही. मान टोकाच्या जागेने मिळतो आणि आणखी एका गोष्टीने: तिरंगा सगळ्यांत आधी चढतो आणि सगळ्यांत शेवटी उतरतो. संयुक्त राष्ट्रसंघाचा ध्वज असेल तर तो तिरंग्याच्या कुठल्याही बाजूला चालतो, तरी तिरंगा टोकालाच ठेवायची प्रथा आहे. आणि एका खांबावर दोन ध्वज कधीच नाहीत, खांब कमी पडले तरी नाहीत.

अर्धगोल मांडणीला हाच क्रम. पूर्ण वर्तुळ असेल तर तिरंग्यापासून सुरू करून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरा. दोन ध्वज भिंतीवर काठ्या फुलीसारख्या ठेवून लावायचे तर तिरंगा त्याच्या स्वतःच्या उजवीकडे, म्हणजे बघणाऱ्याच्या डावीकडे, आणि त्याची काठी दुसरीच्या पुढे. सभागृहात व्यासपीठावर काठीवरचा तिरंगा वक्त्याच्या उजव्या हाताला. आत वारा नसतो, ध्वज लोंबतात, त्यामुळे दोन काठ्यांत पाऊण मीटर पुरतं.

संस्थेचा झेंडा, भगवा आणि पताका

"आमच्या संस्थेचा झेंडा तिरंग्याच्या शेजारी लावू ना?" हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो. २६ जानेवारी २००२ पासून लागू असलेल्या ध्वजसंहितेप्रमाणे राष्ट्रध्वजापेक्षा उंच, त्याच्या वर किंवा त्याच्या बरोबरीने शेजारी दुसरा झेंडा वा पताका लावायची नाही. परदेशी राष्ट्रांच्या ध्वजांसाठी वेगळे नियम आहेत म्हणून ते त्या ओळीत येतात. संस्थेचा झेंडा त्या ओळीत येत नाही. आम्ही तो दुसऱ्या फाटकाशी, कमी उंचीच्या खांबावर नेला. तिथे तो एकटा आहे आणि शोभतो.

भगव्याचंही तसंच. पुण्यात जवळजवळ प्रत्येक गल्लीत आणि अनेक सोसायट्यांच्या फाटकावर भगवा असतो आणि तो लोकांच्या काळजातला आहे. त्याला त्याची वेगळी, मानाची जागा द्या. तिरंग्याच्या खांबाला खेटून दुसरी काठी बांधू नका, त्यात दोघांचाही मान राहत नाही. पताकांच्या माळा मांडवापासून ध्वजस्तंभापर्यंत ताणायची सवय तर सगळीकडे आहे. स्तंभ हा माळ बांधायचा खुंट नव्हे. स्तंभाच्या टोकावर हार, फुलं, बोधचिन्ह काहीही नको. उलगडताना पाकळ्या पडाव्यात म्हणून त्या घडीच्या आत ठेवायला मात्र हरकत नाही.

उलटा तर नाही ना?

चढवायच्या आदल्या दिवशी प्रत्येक ध्वज टेबलावर पसरून, त्या देशाच्या विद्यार्थ्याला बोलावून वरची बाजू विचारा. आपण कितीही वाचलेलं असो, हे कराच. मग वरच्या कोपऱ्याला खांबाकडच्या पट्टीत लाल दोऱ्याचा एक टाका घाला.

आमच्या सात देशांपुरतं सांगायचं तर: केनियाचा काळा पट्टा वर, हिरवा खाली. मॉरिशस वरून लाल, निळा, पिवळा, हिरवा. श्रीलंकेच्या ध्वजात हिरवा आणि केशरी उभा पट्टा खांबाकडे आणि सिंहाचं तोंडही खांबाकडेच. भूतानचा पिवळा त्रिकोण वर खांबाकडे, ड्रॅगनचं तोंड मात्र खांबापासून बाहेर. टांझानियाचा हिरवा त्रिकोण वर, निळा खाली. बांगलादेशचं लाल वर्तुळ नेमकं मध्यावर नसतं, थोडं खांबाकडे सरकलेलं असतं. शिवताना चुकलंय असं समजून दुकानदाराशी वाद घालू नका. फडकताना ते मध्यावर वाटावं म्हणून तसं केलेलं आहे. इंडोनेशिया आणि पोलंड ओळीत असतील तर विशेष जपा. एकाचा लाल वर, दुसऱ्याचा पांढरा वर, म्हणजे उलटा लागला की ध्वज दुसऱ्याच देशाचा होतो.

केसरीवाड्यात मादाम कामांचा ध्वज जपून ठेवलेला आहे. २२ ऑगस्ट १९०७ रोजी जर्मनीतल्या श्टुटगार्टला, नाना देशांच्या प्रतिनिधींसमोर त्यांनी तो उंचावला होता. परक्या भूमीवर आपला ध्वज दिसणं म्हणजे काय, हे पुण्याला माहीत आहे. आपल्या अंगणात आलेल्या मुलांचे ध्वज लावताना मला त्याची आठवण येते, आणि म्हणूनच तो लाल टाका मी स्वतःच्या हाताने घालते.

दिवसाचं काम

प्रत्येक खांबाला दोन माणसं: एक दोरी ओढणारा, दुसरा कापड हातांवर तोलणारा. ध्वज जमिनीला लागता कामा नये, हे त्या दुसऱ्याचं एकमेव काम. आदल्या दिवशी त्याच वेळेला, त्याच माणसांकडून, प्रत्यक्ष ध्वज लावूनच तालीम घ्या. तिरंगा झपाट्याने वर जातो. तो टोकाला पोचला की बाकीचे सात एकदम सुरू होतात. उतरवताना आधी सात, मग तिरंगा, अगदी सावकाश.

जुलै २०२२ पासून उघड्यावरचा तिरंगा रात्रंदिवस फडकवता येतो. ओळीच्या बाबतीत मी तरी संध्याकाळी सगळे उतरवते. आठ ध्वजांवर सारखा उजेड पाडणं सोपं नाही, आणि रात्रीच्या पावसात एखादा गुंडाळला गेला तर सोडवायला कुणी नसतं.

तिरंग्याची घडी अशी: आडवा धरायचा, केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली दुमडायचे. मग पांढऱ्याच्या दोन्ही बाजू आत घ्यायच्या, की वर फक्त अशोकचक्र आणि केशरी-हिरव्याची थोडी कड दिसते. ती घडी दोन्ही तळव्यांवर घेऊन आत न्यायची. फाटलेला किंवा विटलेला ध्वज कुठेही टाकू नका. तो अखंडच, एकांतात, शक्यतो अग्नी देऊन विसर्जित करावा.

पाऊस पडला असेल तर ओले ध्वज घडी करू नका. आमच्या ऑफिसात दोन कपाटांमध्ये दोरी बांधून आठही ध्वज पंख्याखाली रात्रभर वाळत घालायचे. दुसऱ्या वर्षीच्या कार्यक्रमानंतर संध्याकाळी श्रीलंकेची ती मुलगी तिथे आली होती. या खेपेला तिचं चित्रण पूर्ण झालं होतं. दोरीवरच्या आपल्या ध्वजाचा कोपरा तिने चाचपून पाहिला, म्हणाली, "मॅम, अजून ओला आहे," आणि पंख्याचं बटण एक घर वाढवून गेली.